बुलेट जर्नल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिन्यांपूर्वी ठिपक्यांची वही घेतली आणि बुलेट जर्नल, म्हणजे कामं आणि नोंदी छोट्या खुणांनी हाताने टिपायची पद्धत, सुरू केलं. रायडर कॅरोल या डिझायनरने 2013 मध्ये ही पद्धत लोकांसमोर आणली. त्याला लहानपणापासून लक्ष टिकायला अडचण, म्हणून आधी स्वतःपुरती घडवलेली. खुणा मोजक्याच: काम म्हणजे ठिपका, झालं की त्यावर फुली, पुढे न्यायचं तर ठिपक्याचाच बाण.

पहिले दोन महिने मी तिची नुसती कामांची यादी केली होती. रोज बारा-पंधरा ठिपके, रात्री फुल्या पाच-सहा. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच मांडलंय की कामाला लागणारा वेळ माणूस कमीच धरतो, आधीचा अनुभव उलटा असला तरी. आता दिवसाला चारच ठिपके घालते, तेही मागची पानं चाळून.

या वहीचा खरा कस लागतो महिनाअखेरीस. उरलेलं प्रत्येक काम नव्या पानावर हाताने पुन्हा लिहायचं, नाहीतर रेघ मारून सोडून द्यायचं. आधी वापरायचे त्या ॲपमध्ये राहिलेलं काम आपोआप पुढे सरकायचं. कितव्यांदा सरकलं ते कळायचंही नाही. इथे हात थांबतो. 'ताईला सविस्तर पत्र' ही ओळ मी सलग चार महिने उतरवली. चौथ्यांदा 'ताईला' एवढं लिहून पेन तसंच धरून बसले. दोन वर्षांपूर्वी आमचं वाजलं होतं, चूक माझी होती, आणि आजवर मी वेळ नाही म्हणून स्वतःची समजूत घालत होते. मग ओळ बदलली: 'रविवारी आंघोळ झाली की ताईला फोन.' 'अमुक झालं की तमुक करेन' असा बेत बांधला की तो तडीला जायची शक्यता वाढते, हे पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने प्रयोगांतून दाखवलंय. फोन केला. दीड तास बोललो आम्ही. ती फुली मी अजून अधूनमधून उघडून बघते.

त्रास आहेतच. जुनी नोंद शोधायची तर अनुक्रमणिका नेटाने भरावी लागते. मी मध्येच सोडली आणि पस्तावले. नक्षीकामाच्या नादी लागू नका, त्यात संध्याकाळ जाते. पाचव्या महिन्यात अकरा दिवस पानं कोरी राहिली, तेव्हा मन फार खट्टू झालं. सवयींवर संशोधन करणाऱ्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासाने तेव्हा धीर दिला: सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस, पण माणसागणिक 18 पासून 254 पर्यंत, आणि एखादा दिवस चुकला म्हणून घडी मोडत नाही. बाराव्या दिवशी पुन्हा लिहायला बसले.

पहिली वही या आठवड्यात संपली. सत्तावीस ओळी उरल्या होत्या, त्यांतल्या नऊच नव्या वहीत घेतल्या. 'गाणं शिकणे' पाशी दोन रात्री अडले. शेवटी घेतली, पुढे वार आणि वेळ घालून.