जर्मनीचे चान्सेनकार्टे : नव्या पदवीधराचा वापरानंतरचा अनुभव

हाती नोकरीचे पत्र नसतानाही जर्मनीत राहून वर्षभर नोकरी शोधण्याची मुभा देणारे चान्सेनकार्टे, म्हणजे ‘संधी कार्ड’ हा निवास-परवाना, १ जून २०२४ पासून सुरू झाले. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन मी त्यावरच पुण्याहून श्टुटगार्टला आलो. काही महिन्यांच्या वापरानंतर माझे स्पष्ट मत झाले आहे की, जर्मन भाषा निदान बी-वन, म्हणजे मध्यम पातळीपर्यंत येत असेल, तरच नव्या पदवीधराने हा मार्ग धरावा.

हे कार्ड मिळवण्याच्या एका मार्गात पात्रतेचे किमान सहा गुण लागतात, आणि अर्ज करताना बहुतेक जण त्यांच्याच जुळवाजुळवीत गुंततात. नव्या पदवीधराला कामाच्या अनुभवाचे गुण मिळत नाहीत, त्यामुळे वय, भाषा आणि मनुष्यबळाचा तुटवडा असलेले क्षेत्र यांवरच भिस्त राहते. मात्र अनाबिन या जर्मन माहितीकोशात आपल्या विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ (मान्यताप्राप्त) असा शेरा असेल आणि पदवीही समकक्ष म्हणून नोंदलेली असेल, तर गुणांची गरजच उरत नाही. या दोन्ही नोंदींच्या छापील प्रती मी अर्जाला जोडल्या होत्या. पदवीची नोंद सापडली नाही, तर मूल्यांकनपत्र मागवावे लागते. ते काम सर्वांत आधी हाती घ्यावे.

पैशांची अट जड आहे. २०२५ च्या नियमाप्रमाणे दरमहा १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा बँक खात्यात) दाखवावे लागत. आठवड्याला २० तासांपर्यंत अर्धवेळ काम करता येते, परंतु त्याची वाट घरापासून सुरू होते. पत्त्याची नोंदणी करण्यासाठी घरमालकाची सही असलेला दाखला लागतो, नोंदणीनंतर कर क्रमांक टपालाने येतो आणि पगाराचे काम सुरू करताना नोकरी देणारी कंपनी तोच क्रमांक मागते. थोड्या दिवसांसाठी खोली देणारे अनेक जण हा दाखला देत नाहीत, म्हणून भाडे ठरवण्यापूर्वीच तो मिळेल का, हे लेखी विचारून घ्यावे.

या कार्डाची सर्वांत मोलाची सोय म्हणजे दोन आठवड्यांपर्यंतचे चाचणी-काम. एका लहान कंपनीत माझी मुलाखत इंग्रजीत झाली, पण चाचणी-कामाला बसलो तेव्हा तपासणीच्या टेबलावरची दोषांची नोंदवही पूर्ण जर्मनमध्ये होती आणि शेजारचा तंत्रज्ञ त्याच भाषेत मोजमापे सांगत होता. तेथे माझ्या पदवीपेक्षा माझे जर्मन अधिक उपयोगी पडले.

पदवीनंतर फार वर्षे थांबू नये, असेही मी आग्रहाने सांगेन. नोकरी मिळाल्यावर घ्यायच्या ब्लू कार्डासाठी, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या निवास-परवान्यासाठी, २०२५ मध्ये सर्वसाधारणपणे ४८,३०० युरो वार्षिक पगाराची अट होती. पदवी मिळून तीन वर्षांहून अधिक काळ झाला नसेल, तर ४३,७५९.८० युरो पुरत. पगाराची बोलणी करताना मी हाच आकडा समोर ठेवला, आणि करार झाल्यावर भारतात न परतता इथल्याच परकीय नागरिक कार्यालयात ब्लू कार्डाचा अर्ज दिला.