एचडीएमआय केबल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सिनेमा रंगात आला की चित्र दोन-तीन सेकंद गायब व्हायचं आणि परत यायचं. टीव्ही नवा, ४केचा. त्यामुळे संशय त्याच्यावरच. तो परत करायचं जवळजवळ ठरलंच होतं. एकदा सहज प्लेअरचं सेटिंग ४केवरून फुल एचडीवर आणलं, तर रात्रभरात एकदाही पडदा काळा झाला नाही. चोर सापडला: जुन्या टीव्हीची एचडीएमआय केबल, म्हणजे प्लेअरमधून टीव्हीकडे चित्र आणि आवाज नेणारी तार.

फुल एचडीला सेकंदाला साधारण साडेचार गिगाबिट लागतात, ४के ६० हर्ट्झला (सेकंदाला ६० चित्रं) १८च्या आसपास. जुन्या ‘हाय स्पीड’ केबलची हमी १०.२ पर्यंतच. केबल बिघडलेली नव्हती, तिला ओझं झेपत नव्हतं. डिजिटल सिग्नलमध्ये रंग फिके पडणं वगैरे नसतं; चित्र एकतर ठणठणीत, नाहीतर चमचमणारे ठिपके, नाहीतर काळोख. सोन्याच्या मुलाम्याने रंग खुलतात म्हणणाऱ्याला हसून सोडून द्या. टोकं गंजत नाहीत, एवढाच त्याचा उपयोग.

मग दोन मीटरची ‘अल्ट्रा हाय स्पीड’ घेतली, ४८ गिगाबिटची. खोक्यावर ‘२.१’ असा आवृत्तीचा आकडा छापलाय म्हणून भुलू नका, केबलची खरी ओळख वेगाच्या नावाने होते. खोक्यावरचं क्यूआर लेबल अधिकृत अ‍ॅपने स्कॅन करून पाहिलं, मगच पैसे दिले. गेम कन्सोल ४के १२० हर्ट्झवर चालतोय.

तिसऱ्या महिन्यात मात्र पुन्हा ठिपके! टीव्ही भिंतीला चिकटलेला आणि वरून विणलेलं कडक आवरण. केबल प्लगच्या मानेपाशीच काटकोनात दुमडली होती. एचडीएमआयला कॉम्प्युटरच्या जुन्या व्हीजीए केबलसारखे स्क्रू नसतात, केबलच्या वजनानेही प्लग खाली ओघळतो. आता ब्रॅकेटला वेल्क्रोने बांधून तिला सैल वळसा दिलाय. तेव्हापासून तक्रार नाही. पुन्हा घ्यायची झाली तर मऊ आवरणाची घेईन; विणकाम दिसायला छान, पण अरुंद जागेत डोकेदुखी.

प्रोजेक्टरसाठी दहा मीटर लागत होती. एवढ्या अंतरावर साध्या तांब्याच्या केबलवर ४केचा भरवसा धरवत नाही, म्हणून ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाने सिग्नल नेणारी, घेतली. ती एकाच दिशेने चालते. एक टोक प्लेअरला, दुसरं प्रोजेक्टरला, तसं टोकांवर लिहिलेलंही असतं. भिंतीतल्या पाइपात घालण्याआधी जमिनीवर पसरून तासभर चालवून पाहिली. सगळं उत्तम. आणि मग पाइपात ओवली ती उलटी! अख्खी परत ओढून काढली. प्लगचं डोकं पाइपाच्या वळणावर अडलं, ते वेगळंच. पाइप एक नंबर मोठा टाकायला हवा होता.

जुनी केबल टाकली नाही. ती सेट-टॉप बॉक्सला लावलीय, फुल एचडीवर मजेत आहे.