इंकस्केप नऊ महिने वापरलं, पण बोलायचंय ते युनिटबद्दल

इंकस्केप हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, एसव्हीजीवर (रेषा आकड्यांत लिहून ठेवणाऱ्या फाइलवर) चालतं, हे वाचणाऱ्यांना माहीत असणार, ते परत सांगत बसत नाही. मी घरून एमडीएफची (लाकडाचा भुगा दाबून केलेल्या शीटची) मखरं, दाराच्या पाट्या आणि रांगोळीचे छाप करते. डिझाइन माझं, कटिंग बाहेर लेझरवाल्याकडे. आधी मैत्रिणीकडे जाऊन तिच्या पैसे भरून घेतलेल्या सॉफ्टवेअरवर काम करायचे, मग तिने ते बंद केलं आणि दर वर्षी एवढे पैसे घालणं माझ्या धंद्याला परवडणारं नव्हतं, म्हणून इंकस्केप. पहिले तीन महिने इतकी खूश होते की तेव्हाच लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

मग श्रावणात मखराची ऑर्डर आली. माझ्या दिराने २०१६ मध्ये कॉलेजात असताना इंकस्केप ०.९१ मध्ये एक मखर काढलं होतं, कमान, दोन खांब, मागची जाळी, सगळं खाचांमध्ये बसणारं, गोंद जवळजवळ लागतच नाही. ती फाइल त्याच्याकडून घेतली आणि माझ्या नव्या व्हर्जनमध्ये उघडली. उघडताना एक खोकं आलं, त्यात ९० डीपीआय, ९६ डीपीआय असं काहीतरी होतं, आणि ही फाइल स्क्रीनसाठी आहे की छापण्यासाठी असं विचारलं होतं. गिऱ्हाईक फोनवर होतं, मी पहिला पर्याय दाबला आणि पुढे गेले. कमानीवर नाव टाकलं, जाळीत थोडी कमळं वाढवली, पेन ड्राइव्ह घेऊन लेझरवाल्या दादांकडे. २२ तुकडे, ३६ खाचा. संध्याकाळी घरी आणून जोडायला बसले तर एकही खाच बसेना. एकही नाही.

आधी वाटलं एमडीएफ जाड आलंय. कानस घेऊन चार खाचा घासल्या, हात भरून आले, कडा काळ्या होत्या त्या पांढऱ्या पडल्या. मग मागचा पॅनल पट्टीने मोजला, ४८० मिमी हवा होता, भरला ४५०. उंची ६४० ऐवजी ६००. तेव्हा पोटात गोळा आला, कारण गणपतीला अकरा दिवस राहिले होते.

झालं काय होतं ते नीट सांगते, कारण मला हे कुणी मराठीत सांगितलं असतं तर माझी दोन शीटं वाचली असती. इंकस्केपमध्ये पूर्वी १ इंच म्हणजे ९० पिक्सेल धरायचे, खोक्यातलं ९० डीपीआय ते हेच. २०१७ च्या जानेवारीत ०.९२ आलं त्यात ते ९६ केलं, कारण ब्राउझरवाल्यांच्या सीएसएसच्या (वेबपान कसं दिसावं ते ठरवणाऱ्या) नियमात १ इंच म्हणजे ९६ पिक्सेल आहेत आणि एसव्हीजी हा वेबचाच फॉरमॅट. निर्णय बरोबरच आहे. पण दिराची फाइल पिक्सेलमध्ये होती. स्क्रीनचा पर्याय दाबला की पिक्सेलचे आकडे तसेच राहतात आणि इंच मात्र मोठा झालेला असतो, म्हणजे प्रत्येक माप ९० भागिले ९६, म्हणजे ०.९३७५ पट. ४८० चे ४५०. छापण्याचा पर्याय दाबला असता तर खरं माप सांभाळून फाइल बदलली असती.

सगळं चित्र सारख्या प्रमाणात लहान होतं म्हणून स्क्रीनवर काहीच खटकत नाही. तुकडे एकमेकांना शोभतात, कमान खांबाला बरोबर येते, कमळं छान दिसतात. लहान होत नाही ती फक्त शीटची जाडी. ३ मिमीची खाच २.८१ मिमी झाली आणि शीट राहिलं ३ चं. पाटी किंवा छाप असता तर दोन सेंटिमीटरने लहान आला म्हणून कुणाला कळलंही नसतं, पण खाचेचं काम असेल तर शून्य पूर्णांक दोन मिमीचा फरक संपूर्ण ऑर्डर खातो.

लेझरवाल्या दादांशी वाद झाला. ते म्हणाले, "ताई, फाइल तुमची, मी आलं तसं कापलं." मी म्हटलं, "दादा, ४८० चा पॅनल मी तोंडी सांगितला होता, कापायच्या आधी एकदा स्क्रीनवर आकडा बघायला काय लागतं?" शेवटी शीटचे पैसे मी दिले, मशीनच्या वेळेचे त्यांनी अर्धे सोडले. मला अजूनही वाटतं की आकडा बघायला हवा होता, पण फाइल उघडताना मीही बघितला नव्हता, हे त्यांच्यासमोरच कबूल केलं.

त्या रात्री मी ठरवलं की सगळं एमएममध्ये. डॉक्युमेंट प्रॉपर्टीज उघडलं, डिस्प्ले युनिट्स आहे तिथे एमएम केलं, वरची पट्टी एमएममध्ये दिसायला लागली, आणि वाटलं झालं काम. तसं नाहीये. आणि माझी खरी तक्रार इथून सुरू होते, चहा घेऊन वाचा.

डिस्प्ले युनिट म्हणजे तुम्हाला दाखवायचं माप. फाइलच्या आत कुठल्या मापात आकडे लिहिलेत ते वेगळं, ते पानाची रुंदी-उंची आणि व्ह्यूबॉक्स (त्या पानावर आतले किती आकडे बसतात ते) मिळून ठरतं. ए४ पान २१० बाय २९७ मिमी आणि व्ह्यूबॉक्सही ० ० २१० २९७ असेल तर आतला एक आकडा म्हणजे बरोबर एक मिलिमीटर. तेच पिक्सेलवाल्या फाइलमध्ये आतला एक आकडा म्हणजे ०.२६४५८ मिमी, वर पट्टी एमएम दाखवत असली तरी. इंकस्केपच्या आत तुम्ही आहात तोपर्यंत काही बिघडत नाही. फाइल बाहेर गेली आणि पुढच्या मशीनच्या सॉफ्टवेअरने रुंदीपुढचं एमएम न वाचता नुसते आकडे उचलले की ते आपल्या मनाने इंचाला ९६, ९० नाहीतर ७२ पिक्सेल धरतं. ९६ च्या फाइलला ७२ धरलं तर माप १.३३ पट होतं.

वरून प्रत्येक ठिकाणी युनिटचं वेगळं खोकं. पानाचं वेगळं, पट्टीचं वेगळं, ग्रिडचं वेगळं, रेषेच्या जाडीचं वेगळं, अक्षराचा आकार पॉइंटमध्ये. पहिल्या महिन्यात मी रेषेला ०.२ टाकलं, तिथे पीएक्स, म्हणजे पिक्सेल, होतं, रेष दिसेचना, आणि मी अर्धा तास समजत होते की मॉनिटर गेला. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. पहिल्यांदा प्रोग्राम सुरू करताना एकदाच विचारावं, स्क्रीनचं काम करणार की हातात धरायच्या वस्तूचं, आणि मग सगळी खोकी त्याप्रमाणे लावून द्यावीत. हातात धरायची वस्तू करणारे लोक थोडे नाहीत.

वरचं सगळं मी गणपतीच्या आधी रागात लिहून ठेवलं होतं. आता मार्गशीर्ष आहे, आणि त्यातला काही भाग बदलावा लागतोय.

एक म्हणजे, उपाय आतच होता. नवीन फाइल उघडायची, पान हव्या मापाचं, एमएममध्ये, स्केल १ आहे ना (आतला एक आकडा म्हणजे एक मिमी) बघायचं, ग्रिड एमएम, रेष एमएम, आणि फाइल मेनूत सेव्ह टेम्पलेट आहे तिथे जाऊन डिफॉल्ट टेम्पलेटच्या चौकोनात टिक करायची. त्यानंतर प्रत्येक नवीन फाइल तशीच उघडते. दहा मिनिटांचं काम, आणि मी सहा महिने केलं नव्हतं. फक्त आधी काढलेल्या चित्रावर ते स्केलचे आकडे हलवायला जाऊ नका, नवीन टेम्पलेट उघडून चित्र त्यात आणा आणि आणल्यावर माप परत तपासा.

दुसरं, ज्याने मला खरंच आनंद झाला. मापाच्या खोक्यात नुसता आकडा न टाकता पुढे युनिट लिहिता येतं. १२ लिहून पुढे आयएन लिहिलं की तिथल्या तिथे ३०४.८ मिमी होतं. १८ इंच अधिक ५ मिमी अशी बेरीजसुद्धा करतं. आपल्याकडे मापांची काय अवस्था आहे तुम्हाला माहीत आहे, मेट्रिकचा कायदा १९५६ चा, पण गिऱ्हाईक येतं ते "दीड फुटाची मूर्ती आहे" म्हणून, शीट ८ बाय ४ फुटांची आणि तिची जाडी मात्र मिमीत, फ्लेक्स स्क्वेअर फुटावर, आणि आमचे सुतारकाका अजून सूत बोलतात, इंचाला आठ सूत. काकांनी "एक सूत खाच ठेव" म्हटलं की ती ३.१७५ मिमी होते, ३ नाही, आणि पातळ एमडीएफला हा फरक ढिला पडतो. आता मी गिऱ्हाइकाच्या तोंडचं माप तसंच टाइप करते आणि मोबाइलच्या कॅल्क्युलेटरला हात लावत नाही. निव्वळ या एका सोयीमुळे मी परत पैसे भरायच्या सॉफ्टवेअरकडे जाणार नाही.

तिसरं, पीएक्स नकोच असं मी म्हणत होते तेही जरा घाईचं होतं. दिवाळीत दोघांनी व्हॉट्सॲप स्टेटसला टाकायचं आमंत्रण मागितलं, ते १०८० बाय १९२० पिक्सेलचं, तिथे एमएम घेऊन बसले तर कडा धूसर येत होत्या कारण आकडे अर्ध्या पिक्सेलवर पडत होते. आता दोन टेम्पलेट आहेत, कापायचं आणि दाखवायचं. अक्षरांचं पॉइंटही मी तसंच ठेवलंय, छापखान्यात सगळे पॉइंटमध्येच बोलतात.

अजून एक जागा आहे जिथे माप फसवतं. १०० मिमीचा चौकोन काढून त्याला २ मिमीची रेष दिली की वर माप १०२ दिसतं, कारण प्रोग्राम रेषेची जाडीही धरतो. प्रेफरन्सेसमध्ये टूल्सखाली बाउंडिंग बॉक्स (वस्तूभोवतीची मापाची चौकट) आहे, तिथे व्हिज्युअल काढून जिऑमेट्रिक करा. लेझर रेषेच्या मध्यावरून जातो, त्याला रेषेच्या जाडीशी देणंघेणं नाही.

बाकी थोडक्यात. देवनागरी उत्तम, जोडाक्षरं फुटत नाहीत, मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्यांचे मुक्त आणि बालू हे फॉन्ट फुकट मिळतात आणि पाटीवर शोभतात, कापायला देण्याआधी ऑब्जेक्ट टू पाथ (अक्षरांच्या नुसत्या रेषा) करायला विसरू नका. जाळी फार बारीक असली की प्रोग्राम जड होतो. माझ्या जुन्या आठ जीबीच्या लॅपटॉपवर दोनदा बंद पडला, एकदा काम गेलं.

माझी आताची पद्धत सांगते. ४०० रुपयांचा डिजिटल व्हर्नियर घेतलाय, शीट आल्यावर चार कोपऱ्यांत जाडी मोजते, ३ मिमी म्हणून येणारं शीट २.८ पासून ३.१ पर्यंत काहीही भरतं, खाच त्या आकड्यावर ठेवते. प्रत्येक फाइलच्या कोपऱ्यात ५० मिमीचा एक चौकोन असतो, वेगळ्या रंगात. दादांच्या मशीनला डीएक्सएफ (कटिंग मशीनं वाचतात तो फाइलचा प्रकार) लागतो, तो काढताना खोक्यात बेस युनिट विचारतं, तिथे एमएम. आणि दादांच्या स्क्रीनवर त्या चौकोनावर क्लिक करून ५० वाचल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही हे आमचं ठरलंय, त्यांनीही ते मान्य केलं. मागच्या आठवड्यात तिथे ३७.५ दिसलं. दुसऱ्या कुणाच्या तरी कामासाठी त्यांच्या माणसाने इम्पोर्टला ७२ चं ९६ करून ठेवलं होतं आणि फाइल त्या दिवशी दुसऱ्याच सॉफ्टवेअरमधून आलेली एसव्हीजी होती. दादांनी स्वतःच मला फोन करून सांगितलं, शीट अजून मशीनवर ठेवलंही नव्हतं.

ते गणपतीचं मखर परत कापलं, चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोचवलं, ३६ खाचा हाताने दाबून बसल्या. लहान झालेल्यातली मागची जाळी घरात देवघरामागे लावली आहे, ४५० बाय ६०० ची, तिथे ती बरोबर बसते.