रिले बसवला होता, पण जोडलाच नव्हता

गाडीच्या हेडलाइटसाठी रिलेसह (थोड्या विजेने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचसह) वेगळे वायरिंग बसवून घेणाऱ्यांनी दुकानासमोरून गाडी हलवण्यापूर्वी एक चाचणी अवश्य करावी. दिवे लावून रिले त्याच्या सॉकेटमधून ओढून काढावा. दिवे विझले तर रिलेतून खरोखर वीज जात आहे. जळतच राहिले तर बॉनेटखाली दिसणारी ती रिलेची काळी डबी आणि तिच्या तारांवरची नवी कोरी नळी केवळ शोभेची आहे. लो बीम आणि हाय बीम यांचे रिले वेगवेगळे असल्याने दोन्ही बीम लावून ही खात्री करावी. मुंबईच्या उपनगरातील एका दुकानाने माझी जी फसवणूक केली, ती या एवढ्याशा चाचणीत उघडी पडली असती. म्हणूनच हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

माझ्या जुन्या हॅचबॅकमध्ये ६०/५५ वॅटचे एच-४ हॅलोजन बल्ब होते. अशा गाड्यांत दिव्यांची संपूर्ण वीज स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून आणि बारीक तारांतून फिरून येते, जोड जुने झाले की बल्बपर्यंत पोहोचणारे व्होल्टेज घटते, आणि हॅलोजनच्या बाबतीत व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरले तरी प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतो. गणपतीला गावी जाताना मुंबई-गोवा महामार्गावर भर पावसात हे फार जाणवते. उपाय सर्वमान्य आहे : बॅटरीपासून फ्यूजसह जाड तार थेट रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला आणायची, ८७ मधून ती बल्बकडे न्यायची आणि मूळ स्विचच्या विजेने फक्त ८५ व ८६ मधली गुंडाळी चालवायची. बल्ब पूर्वीच्याच वॅटचे राहतील, हे मी दुकानदाराला स्पष्ट सांगितले होते. त्याने ते मान्य केले, सोबत दिवसा जळणारे डीआरएलही सुचवले आणि शेवटी 'हेडलाइट काम' एवढेच लिहिलेली कच्ची पावती हातात ठेवली.

संध्याकाळी गाडी मिळाली तेव्हा प्रकाश निःसंशय वाढलेला होता. या फसवणुकीची खरी चलाखी तीच होती. मला न विचारता त्याने १००/९० वॅटचे बल्ब घातले होते, त्यामुळे वायरिंग सुधारल्यामुळेच उजेड वाढला असे कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात लो बीमचे दोन बल्ब मिळून ११० वॅटऐवजी १८० वॅट, म्हणजे सुमारे १५ अँपिअर, त्याच जुन्या तारांतून आणि त्याच स्विचमधून वाहत होते. फ्यूज उडून तक्रार येऊ नये म्हणून १५ अँपिअरचा निळा फ्यूज काढून तेथे ३० अँपिअरचा हिरवा बसवला होता. फ्यूज हा तारेला वाचवण्यासाठी असतो; तार तेवढीच ठेवून फ्यूज दुप्पट करणे हे मी निष्काळजीपणा मानत नाही, कारण असे करणाऱ्याला त्याचा परिणाम पक्का ठाऊक असतो.

यानंतर बॅटरी उतरू लागली. कामासाठी मी लोकलने जातो आणि गाडी आठवडाभर सोसायटीत उभी असते. शनिवारी किल्ली फिरवावी तर स्टार्टरचा नुसता कट-कट आवाज. दुकानदाराने मीटर लावून न पाहताच "साहेब, बॅटरी गेली," असा निकाल दिला आणि जुनी बॅटरी जमा करून घेऊन नवी विकली. तीही उतरली, तेव्हा त्याने अल्टरनेटरकडे, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राकडे, बोट दाखवले.

अल्टरनेटर बदलण्याआधी मी गाडी ओळखीच्या एका वायरमनकडे नेली. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर १४ व्होल्टच्या आसपास दाब मिळत होता, म्हणजे अल्टरनेटर ठणठणीत होता. मग इंजिन बंद करून, दारे लावून, थोडा वेळ थांबून त्यांनी बॅटरीची ऋण तार सोडवली आणि मल्टिमीटर दहा अँपिअरच्या पट्टीवर त्या तारेच्या आणि बॅटरीच्या मध्ये जोडला. (मीटर असा जोडलेला असताना गाडी सुरू करू नये, स्टार्टरच्या प्रवाहाने मीटर जळतो.) ५० मिलिअँपिअरच्या आत असायला हवा तो प्रवाह ४०० च्या घरात होता. डीआरएलचा कंट्रोल बॉक्स फ्यूजशिवाय थेट बॅटरीला जोडला होता. त्यात पावसाचे पाणी शिरले होते आणि दिवे विझलेले असतानाही तो हाताला कोमट लागत होता. दिवसाला साडेनऊ अँपिअर-तासांहून अधिक वीज अशी गळत असेल, तर ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन-चार दिवसांत झोपणारच.

रिले ओढून काढला तरी हेडलाइट जळतच राहिले. नळी चिरल्यावर ८७ ची तार वीतभर अंतरावर कापून टेपखाली दडवलेली आढळली. मूळ प्लग थेट बल्बलाच लावलेले होते आणि त्यांतला एक उष्णतेने तपकिरी होऊन वितळू लागला होता.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर काम करून घ्या किंवा ऑपेरा हाऊसला, पावतीवर बल्बचे वॅट, रिलेंची संख्या, तारेची जाडी आणि फ्यूजचे अँपिअर लिहून घ्यावेत. दिवे चालू ठेवून बॅटरीचे धन टोक आणि बल्बचे धन टोक यांच्यामध्ये मल्टिमीटर धरावा. फरक अर्ध्या व्होल्टहून अधिक आला तर पैसे देऊ नयेत. डीआरएलची वीज किल्ली फिरवल्यावरच येणाऱ्या तारेवरून आणि स्वतंत्र फ्यूजमधून घ्यायला लावावी. काढलेला प्रत्येक भाग, विशेषतः जुनी बॅटरी, लोड टेस्ट (भार देऊन बॅटरी तपासण्याची चाचणी) होईपर्यंत दुकानात सोडू नये.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवून, कापलेल्या तारेची छायाचित्रे दाखवल्यावर दुकानदाराने वायरिंगचे पैसे परत केले. बॅटरीचे मात्र दिले नाहीत. जुनी बॅटरी खराबच होती असे त्याचे म्हणणे कायम आहे, आणि ते खोडून काढण्यासाठी ती बॅटरी आता माझ्याकडे नाही.