नागपुरात बदली: सरकारी क्वार्टर घ्यावं की भत्ता घेऊन भाड्यानं राहावं?

बदलीचा आदेश हातात पडला की पहिला प्रश्न मुलांच्या शाळेचा आणि दुसरा घराचा. नागपुरात येणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यासमोर दोन वाटा असतात. रवीनगर, सेमिनरी हिल्स, अजनी रेल्वे वसाहत किंवा पोलीस लाइन टाकळी अशा ठिकाणी आपापल्या खात्याचं क्वार्टर, नाहीतर घरभाडे भत्ता घेऊन खासगी घर. बहुतेक जण पगारपत्रक समोर ठेवून निर्णय घेतात. माझ्या मते तो निम्माच हिशोब झाला. क्वार्टर पदाला मिळतं आणि पदाबरोबर जातं, म्हणून हे घर सोडायची वेळ कधी आणि कशी येईल, ते आधी बघावं.

तरी पैशांचं बोलून घेऊ. केंद्राच्या शहरांच्या वर्गवारीत नागपूर वाय, म्हणजे मधल्या गटात आहे. जानेवारी २०२४ पासून महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर केंद्रीय कर्मचाऱ्याला इथे मूळ वेतनाच्या २० टक्के घरभाडे भत्ता लागू झाला. मूळ वेतन ५०,००० असेल तर महिन्याला १०,०००. क्वार्टर घेतलं की हा भत्ता बंद, वर लायसन्स फी, म्हणजे क्वार्टरचं ठरलेलं शुल्क, पगारातून कापली जाते. छोट्या क्वार्टरची फी काही शे रुपयांत असते, त्यामुळे ते फुकटात पडल्यासारखं वाटतं. पण त्याचं खरं भाडं म्हणजे सोडून दिलेला भत्ता अधिक ही फी.

आणि हे खरं भाडं दरवर्षी वाढतं. केंद्राच्या टाइप तीन क्वार्टरला वेतनस्तर ६ ते ८ पात्र असतात. स्तर ६ च्या सुरुवातीला मूळ वेतन ३५,४००, म्हणजे सोडलेला भत्ता ७,०८०. स्तर ८ च्या सुरुवातीला मूळ वेतन ४७,६००, भत्ता ९,५२०. भिंती त्याच, खोल्या त्याच. नव्यानं लागलेल्याला क्वार्टर परवडतं, त्याच मजल्यावरच्या वरिष्ठाला ते महाग पडलेलं असतं. राज्य कर्मचाऱ्यांनी हाच हिशोब वित्त विभागाच्या चालू आदेशातला दर धरून करावा.

नवरा-बायको दोघंही सरकारी नोकरीत असतील तर जास्त सांभाळून. केंद्राच्या नियमानुसार एकाच गावात एकाला सरकारी घर मिळालं की दुसऱ्याचाही भत्ता थांबतो. अशा जोडप्यानं दोन्ही भत्त्यांची बेरीज करून तेवढ्यात बाहेर काय मिळतं ते बघितल्याशिवाय अर्ज भरू नये. आयकराचं थोडक्यात: भत्त्यावरची सूट जुन्या करप्रणालीत मिळते, नव्या प्रणालीत मिळत नाही.

आता नियम. क्वार्टर पोटभाड्यानं देणं हा सगळ्यात मोठा गुन्हा समजला जातो. वाटप रद्द होतं, दंडनीय भाडं लागतं, शिस्तभंगाची कारवाईही होते. गावाकडचा भाचा शिकायला येऊन राहणं वेगळं, खोली भाड्यानं देणं वेगळं. तपासणीला आलेल्या माणसाला हा फरक पटवून द्यायची जबाबदारी तुमची. बांधकामातले बदलही परवानगीशिवाय चालत नाहीत: मागे पत्र्याची शेड नको, भिंत फोडणं नको. नागपूरकरांसाठी यातला खरा मुद्दा कूलरचा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा खिडकीचे गज कापून कूलर बसवायचा मोह होतो. कापू नका. बाहेर लोखंडी स्टँड उभा करा आणि तोही विचारून. दुरुस्तीची तक्रार लेखी द्या, पावती घ्या, आणि छत गळत असेल तर उन्हाळ्यातच नोंदवा. डिसेंबरमध्ये अधिवेशन असतं, त्याआधी सार्वजनिक बांधकाम खात्याला रविभवन, नागभवन, आमदार निवास सजवायचं असतं.

सगळ्यात कमी वाचले जातात ते घर सोडण्याचे नियम. केंद्राच्या सामायिक (जनरल पूल, अनेक खात्यांना मिळून असलेल्या) क्वार्टरमध्ये निवृत्तीनंतर नेहमीच्या फीवर सहा महिने राहता येतं. रेल्वेत चार महिने नेहमीच्या भाड्यानं आणि पुढचे चार दुप्पट भाड्यानं. रेल्वेत बदली झाली तर दोन महिने, त्यानंतर आजारपण किंवा मुलांचं शिक्षण या कारणानं दुप्पट भाड्यावर मुदतवाढ. त्यापुढे राहिलात तर अनधिकृत रहिवासी ठरता. भाडं बाजारभावासारखं चढतं, ग्रॅच्युइटी अडकते, रेल्वेवाल्यांचे निवृत्तीनंतरचे पासही कापले जातात.

इथे भाडेकरू म्हणून कायद्याचं छत्र मिळेल, ही समजूत काढून टाका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ सरकारी इमारतींना लागूच नाही. केंद्राच्या घरांना १९७१ चा सार्वजनिक जागा कायदा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर निवासी क्वार्टरसाठी संपदा अधिकारी (इस्टेट ऑफिसर) तीन दिवसांची नोटीस देऊन निर्णय घेऊ शकतो. राज्याच्या घरांसाठी १९५५ चा वेगळा निष्कासन (घर खाली करवण्याचा) कायदा आहे.

खासगी घराची गोष्ट कागदावर उभी असते. साधारण अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार होतो आणि त्याची नोंदणी सक्तीची आहे. ती करून घेणं घरमालकाचं काम. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, आणि वाद झालाच तर अटींबद्दल भाड्यानं राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात डिपॉझिटवरचं मानीव (मिळालं असं धरलेलं) व्याज मिळवायचं. शहरात नोंदणी फी १,०००. एवढ्या पैशांसाठी ‘ओळखीतलं घर आहे, कागद कशाला’ असं ऐकून घेऊ नका. मुदत संपून राहिलात तर इथेही दुप्पट भाड्याची टांगती तलवार आहेच, पण मधल्या काळात पाणी-वीज तोडून तुम्हाला हुसकावता येत नाही. डिपॉझिट परत कधी, रंगकाम कोणाकडे, कूलरला पाणी किती वेळ, ही तीन वाक्यं करारात घाला. उन्हाळ्यातली भांडणं बहुतेक शेवटच्यावरून होतात.

ठिकाणाचा विचार एका ओळीत: ऑफिस सिव्हिल लाइन्सला असेल तर रवीनगर, सेमिनरी हिल्स जवळ पडतात, बेसा-मनीषनगरकडे भाडं कमी, पण रोजचा प्रवास जास्त.

माझा कौल असा. नोकरी नवी आहे, मूळ वेतन कमी आहे, मुलं लहान आहेत आणि तीन वर्षांनी पुन्हा बदली ठरलेली आहे, तर क्वार्टर घ्या. डिपॉझिट नाही, दलाली नाही, वसाहतीत मुलांना खेळायला जागा आणि शेजारी त्याच नोकरीतले. दोघंही सरकारी नोकरीत असाल तर बाहेर राहा. निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली असतील तर नवं क्वार्टर घेऊच नका. पेन्शनच्या कागदांबरोबर नादेय (काही देणं बाकी नाही अशा) प्रमाणपत्रासाठी धावणं आणि सामान हलवणं एकाच वेळी येतं, त्यात माणूस खचतो. एक अपवाद मात्र आहे. तुमच्या पदाला क्वार्टर राखीव असेल तर ते नाकारल्यावर भत्ताही जाऊ शकतो. म्हणून रुजू होण्याच्या दिवशीच आस्थापना शाखेत लेखी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत कोणत्याही घरमालकाला विसार देऊ नका.