रंगीत स्वेटर: गोल विणून कापायचा की सपाट विणून शिवायचा?

सुलट-उलट टाका, काखेची घट आणि गळा हातात बसला की पुढची ओढ असते दोन रंगांच्या नक्षीची. इथे दोन वाटा आहेत. एक आपल्या घराघरातली: पाठ, पुढचे भाग, बाह्या दोन सुयांवर वेगवेगळ्या विणून शेवटी शिवायच्या. दुसरी स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरची आणि नॉर्वेतली: गोल सुईवर अंग सलग विणत जायचं, जिथे उघडायचं तिथे जादा टाक्यांची पट्टी ठेवायची आणि शेवटी तिच्या मधोमध कात्री चालवायची. या पट्टीला स्टीक म्हणतात.

माझं मत स्पष्ट आहे. ओळीओळीत दोन रंग असतील तर गोल विणा. सगळ्या घाबरतात कात्रीला, पण खरा त्रास उलट ओळींत आहे. तिथे नक्षी पलीकडे जाते, समोर नुसते मोकळे धागे, आलेखही उलट दिशेने वाचायचा. चुकलेला टाका उशिरा कळतो. शिवाय अनेकींचा उलट टाका सुलटपेक्षा सैल पडतो आणि कापडावर आडव्या रेघा उमटतात. गोल विणताना सुलट बाजू कायम डोळ्यांसमोर राहते आणि सगळे टाके सुलटच.

जो रंग त्या वेळी विणायचा नसतो त्याचा धागा मागून न्यावा लागतो; त्याची काळजी मात्र दोन्हीकडे सारखीच. तो सैल सोडा, आणि पाचेक टाक्यांहून लांब जात असेल तर मध्ये अडकवून घ्या, नाहीतर बाळाची बोटं त्यात गुंततात. एक रंग उजव्या हातात, दुसरा डाव्या. खालून येणारा रंग जास्त उठून दिसतो, म्हणून कोणता धागा वर आणि कोणता खाली हे मध्येच बदलू नका.

कापल्यावर उसवत कसं नाही? अशा सुलट विणीतला टाका निसटला की तो खाली धावतो, शेजारच्या टाक्यांकडे सरकत नाही. कात्री उभी चालते, त्यामुळे फक्त आडवे धागे तुटतात. त्यांना जागेवर धरतो लोकरीचा खरखरीतपणा; तंतूंवरचे बारीक खवले एकमेकांत अडकतात. घोंगडीवर हात फिरवलात की ही पकड लगेच कळेल. शेटलंडची लोकर अशीच चिकट, म्हणून तिथे क्रोशाची एकेक ओळ दोन्हीकडे घातली तरी पुरते.

आपल्या बाजारात लोकर म्हणून मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक. ते गुळगुळीत, त्याला क्रोशाचा आधार पुरत नाही. मशिनवर बारीक टाक्याची शिलाई हवीच, कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन. मशिनवर धुता येणारी म्हणून विकतात त्या लोकरीलाही हेच लागू, कारण तिचे खवले प्रक्रियेत झाकलेले असतात. शिलाई मारताना कापड ताणू नका, कडा लाटांसारखी होते.

सपाट विणकाम कुणी निवडावं? पुढच्या भागावर एकच मोठा हत्ती किंवा मोर काढायचा असेल तर तेच बरं, तिथे धागा मागून फिरवत न्यायचा नसतो. आणि लहान मुलांच्या स्वेटरांसाठी. आखूड झालेला स्वेटर उसवून त्याच लोकरीचा नवा विणायची आपली जुनी रीत आहे. एकदा कापलेल्या भागाचे नुसते तुकडे हाती येतात. मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो.

कोल्हापूरची थंडी डिसेंबर-जानेवारीतली, तीही सकाळ-संध्याकाळची. मागे धागे असल्यामुळे ही वीण दुप्पट जाड होते, म्हणून पूर्ण बाह्यांपेक्षा बिनबाह्यांची बंडी जास्त वापरात राहील. पन्हाळ्यावर पहाटे चालायलाही पुरेल. राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९२१ मध्ये पुण्यात ज्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते शिवस्मारकाची पायाभरणी झाली, त्याच राजपुत्राने १९२२ मध्ये स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला शेटलंडच्या फेअर आयल बेटावरच्या रंगीत नक्षीचा स्वेटर घातला आणि या नक्षीची मागणी वाढली.

आधी एक टोपी विणा, त्यात कापणं नाही. मग उरलेल्या लोकरीची छोटी नळी विणा, मध्ये सहा-सात टाक्यांची पट्टी ठेवा, पट्टीत दोन्ही रंग एकाआड एक घ्या म्हणजे कापायची रेषा सरळ दिसेल. शिवा, कापा, कडा ओढून पाहा. धागे सुटत असतील तर ती लोकर सपाट विणकामासाठी ठेवा.