टॅपेट घरी सेट करावेत की मेकॅनिककडे? आधी हेडच्या आत काय आहे ते बघा

जुनी मोटरसायकल हाती आली की हा प्रश्न लगेच उभा राहतो. व्हॉल्व्हचं क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा भाग यांच्यातली बारीक फट, आपल्या बोलीत टॅपेटचा गॅप, आपण तपासायचा की गाडी मेकॅनिककडे टाकायची? हात किती सराईत आहे यापेक्षा इंजिनाची रचना कोणती, यावर हे ठरवावं. गॅप जुळवायला स्क्रू आणि लॉक नट असतील तर बिनधास्त घरी करा. शिम, म्हणजे ठराविक जाडीच्या छोट्या चकत्या, असतील तर मोजणी तेवढी घरी करा आणि पुढचं आकडे बघून ठरवा. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर सेट करण्यासारखं काही नसतंच. बुलेटचंच बघा. यूसीई इंजिनात (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेलं) टॅपेट ऑईलच्या दाबावर आपोआप जुळतात. त्याआधीच्या लोखंडी इंजिनात मात्र पुशरॉड, म्हणजे खालची हालचाल वर व्हॉल्व्हकडे नेणारी दांडी, बोटांनी सहज फिरतो, पण वरखाली हलत नाही, अशा बेताने बसवावा लागतो.

निर्णयाआधी एक गैरसमज काढून टाकू. ‘टॅपेट वाजतायत, आवळून घे’ हा सल्ला हमखास मिळतो, आणि त्यानेच इंजिनं खराब होतात. गॅप वाढला की आवाज येतो, ताकद थोडी कमी होते, पण निदान कळतं तरी. गॅप कमी झाला तर काहीच ऐकू येत नाही. व्हॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू रुतत जातो, त्याची दांडी वर सरकते आणि गॅप खाऊन टाकते. शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटला टेकल्यावरच बाहेर जाते. टेकलाच नाही तर त्याची कड जळते, कॉम्प्रेशन जातं आणि थंड गाडी किक मारून मारून सुरू होत नाही. अचानक शांत झालेल्या जुन्या इंजिनाची मला जास्त काळजी वाटते.

आता स्क्रूवालं इंजिन. इथे घरचं काम मेकॅनिकच्या कामापेक्षा सरस ठरू शकतं आणि त्याचं कारण साधं आहे: इंजिन थंड असतं. बहुतेक मॅन्युअलमधला आकडा थंड इंजिनाचा असतो. वर्कशॉपपर्यंत चालवत नेलेली गाडी तापलेली पोचते आणि ती पूर्ण निवायला कित्येक तास जातात. गर्दीच्या दिवशी तेवढं कोण थांबणार? घरी गाडी रात्रभर उभी असते, सकाळी टॅपेट कव्हर उघडायचं आणि कामाला लागायचं.

स्पार्क प्लग काढा म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरेल. इनटेक व्हॉल्व्ह खाली जाऊन वर आला की त्यानंतर येणारी फ्लायव्हीलवरची ‘टी’ खूण जुळवा. तेव्हाच पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला असतो आणि दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) बोटाने किंचित हलतात. एखादा ताठ लागला तर बहुधा एक फेरा चुकलाय. आणखी एक पूर्ण फेरा द्या. तरीही ताठच असेल तर त्या व्हॉल्व्हचा गॅप संपलेला आहे.

फीलर गेजची (मोजलेल्या जाडीच्या पातळ पात्यांचा संच) पाती सरकवताना किती घट्ट लागायला हवी, हे सांगून कळत नाही. त्यापेक्षा दोन पाती वापरा: ०.१० मिमी हवा असेल तर ०.१० ची पाती जरा घासत जावी आणि ०.१२ ची जाऊ नये. माझी पहिल्या वेळची चूक लॉक नटची होती. गॅप अचूक लावला, नट आवळला, कव्हर लावलं. नटाबरोबर स्क्रूही किंचित फिरला होता, हे गाडी सुरू केल्यावर कळलं. स्क्रूचे आटे ०.५ मिमीचे असतील तर दहावा हिस्सा फेरा म्हणजे ०.०५ मिमी, आणि अनेक छोट्या इंजिनांत इनटेकचा सगळा गॅपच तेवढा असतो. म्हणून स्क्रू धरून ठेवून नट आवळायचा, इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचं आणि पुन्हा मोजायचं.

स्क्रूच्या टोकाला खळगा पडला असेल तर मात्र पाती खोटं सांगते. ती खळग्यावर पुलासारखी आडवी बसते आणि खरा गॅप तिच्या आकड्यापेक्षा जास्त असतो. तसा स्क्रू बदलावाच.

शिमचं गणित निराळं. १९६९ ची होंडा सीबी ७५० आणि १९७२ ची कावासाकी झेड१ या दोन्ही चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्हच्या. होंडात स्क्रू आहेत, त्यामुळे मोजता मोजताच काम उरकतं. कावासाकीत बकेटवर, म्हणजे व्हॉल्व्हवर बसणाऱ्या छोट्या वाटीवर, शिम आहेत. खास हत्याराने बकेट दाबून धरली की कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) न काढता शिम निघते. बकेटखाली शिम असलेल्या इंजिनांत कॅमच उतरवावा लागतो. टायमिंग चेनचा एक दात चुकला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतो, शिवाय कॅमच्या कॅपचे बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळायचे असतात. टॉर्क पाना नसेल, तर हे काम जाणत्या मेकॅनिककडेच द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

मोजणी तरीही घरीच करा, कारण शिमचा गॅप सहसा लवकर हलत नाही आणि पुष्कळदा काहीच बदलावं लागत नाही. बदलायचीच असेल तर हिशेब असा: जुनी शिम अधिक मोजलेला गॅप, वजा हवा असलेला गॅप. शिम २.६० ची, गॅप ०.०८ भरला आणि हवा ०.१७, म्हणजे २.५१. बाजारात २.५० मिळते, गॅप ०.१८ होतो. मॅन्युअलमध्ये ०.१५ ते ०.२० दिलं असेल तर झालं.

दर वेळी सेट करण्याआधीचा आकडा किलोमीटरसह वहीत लिहा. मेकॅनिककडे गाडी दिली तरी हा आकडा मागून घ्या. एक्झॉस्टचा गॅप दर वेळी थोडा कमी भरत असेल तर ती नेहमीची झीज. नीट लावलेला गॅप थोड्याच दिवसांत पुन्हा नाहीसा झाला, तर स्क्रू किंवा शिमने ते सुटणारं नाही. हेड उतरवून व्हॉल्व्ह आणि सीट बघावी लागेल, आणि ते काम सीट कापायची हत्यारं असलेल्या माणसाचं.